सांगली सोडतोय, पोरांसोबत उरलेले दिवस कसे घालवावेत?

हरिपूररोड

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. मे महिन्याच्या शेवटी आम्ही सांगली सोडून कोईमतूरला चाललोय. मी पंप आणि मोटारींच्या धंद्यातला. या लाइनीत कोईमतूरहून बोलावणं आलं की नाही म्हणणं जड जातं, पगाराचा आकडा बघितल्यावर तर आणखीच. बायकोचं काम घरून चालतं, त्यामुळे तिचं काही अडत नाही. आई येणार नाही. गावभागातलं घर सोडून ती कुठंच जात नाही. २०१९ ला पुराचं पाणी जिन्याला लागलं, बोट दारात आली, तरी ही बाई आधी तुळशीची कुंडी चढवा म्हणून अडून बसली होती. ती कोईमतूरला काय येतेय!

थोरली आता चौथीत जाईल. धाकट्याला पाचवं वर्ष सरत आलंय. थोरलीला सगळं नीट सांगितलंय. धाकट्याला "नवीन घर" एवढंच माहीत आहे आणि नवीन घर म्हणजे विश्रामबागला कुठंतरी, अशी त्याची समजूत आहे.

जायच्या आधी पोरांना सांगली डोळे भरून दाखवावी म्हणून मी एक यादी केली. गणपती मंदिर, आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, मिरजेचा दर्गा, भावे नाट्यमंदिरात सुट्टीतलं एखादं बालनाट्य लागलं तर ते, दंडोबाचा डोंगर, सागरेश्वरचं अभयारण्य, औदुंबर, तासगावचा गणपती, झालंच तर नरसोबाची वाडी. एक्सेलमध्ये मे महिन्याचे रविवार टाकून अगदी व्यवस्थित. थोरलीनं ती वाचली आणि म्हणाली, "बाबा, यातलं अर्धं मी कधी बघितलंच नाहीये. मग त्याला टाटा कशाला करायचा?"

मला काही उत्तर सुचलं नाही. मग तिनं वहीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी केली. पुलावरचे आकडे. रिक्षाकाका. वाचनालयातल्या काकू. भडंगवाल्या मामांचा तराजू. आजीच्या गल्लीतली बोकी मांजर (बोकी म्हणजे मांजरीण, नाव बोका असं ठेवलं होतं, पिल्लं झाल्यावर बदललं). शाळेतल्या नळाशेजारची फरशी, तिथं त्या मैत्रिणी डबा खातात. धाकट्यानं वर भर घातली: शंभर फुटी रोडवरचा जेसीबी.

तर विचारायचं असं की, कुणाच्या यादीनं जावं? धाकट्याला कधी आणि कसं सांगावं? शाळेच्या दाखल्याचं परराज्यात काय काय लागतं? आणि आईचं काय करावं, हे तर मला विचारतासुद्धा येत नाहीये.

काळीखण

तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा.

दंडोबा आणि सागरेश्वर आजच्या आज खोडा. मे महिन्यात सागरेश्वरला दुपारी हरणंसुद्धा सावली सोडून बाहेर येत नाहीत, तुम्ही पोरांना काय भाजायला नेताय? त्या जागा तुम्हाला बघायच्या आहेत. इतकी वर्षं जवळ होत्या म्हणून राहून गेल्या. तुमचं तुम्ही एका पहाटे बाइकवर जाऊन या, पोरांच्या नावावर खपवू नका.

फक्त हळदीचे सौदे राहू द्या. ते लेकीच्या यादीत नाहीत कारण तिनं बघितले नाहीत, हे खरं. पण ते बघायचं म्हणून नाही, वासासाठी न्या. वसंतदादा मार्केट यार्डात सकाळी हळदीच्या राशी लागलेल्या असतात, व्यापारी त्यातलं एक हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो आणि आतला रंग बघतो. आत गडद केशरी निघालं की भाव चढतो. राजापुरी म्हणतात त्या जातीला. एखाद्या अडत्याला विचारलंत तर पोरांच्या हातातही मोडायला देईल. हात दोन दिवस पिवळे राहतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या आधीच मिळालं होतं, हे सगळं पोरं मोठी झाल्यावर पुस्तकात वाचतील. वास पुस्तकात नसतो.

वडापवाला

संगमावर न्हेताय ते न्ह्या, पण पोरास्नी पाण्यात उतरू दिऊ नका. मगरी हायत. भिलवडी, औदुंबरच्या बाजूला तर लईच. आम्ही डबा बांधून घाटावर पोहायला शिकलो ते दिवस गेलं. आता उन्हाळ्यात पाणी बी कमी आणि जे हाय ते बघून अंघोळ करावी वाटंना.

हरिपूरला जायचंच तर सांजच्याला जावा. चिंचंची झाडं हायत रस्त्याला, सावली गार. संगमेश्वराचं दर्शन घ्या, कृष्णा कुठली आणि वारणा कुठली ते पोरास्नी दावा. धाकट्याला इचारा, कुठलं पाणी कुठं गेलं सांग. बसंल डोकं खाजवत.

आनी जेसीबीची यादी एक नंबर. माझ्या पोरानं पण तेच सांगितलं असतं.

काळीखण

वडापवाले, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची ती जमिनीतली कोठारं, राहिली का हो अजून?

वडापवाला

थोडी असतील. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, माल गेला, तवापास्नं लोकांनी जीव काढून घेतला त्यातनं. आता गोदाम, कोल्ड स्टोरेज. माझा आजा पेवात उतरायचा. तोंड एवढंसं, माणूस जाईल एवढं, आन् आत पोट हे मोठं. त्या मातीत हळदीला कीड लागत नाही, वर्सानुवर्स ऱ्हायची. पण झाकण काढलं की लगी उतरायचं नसतं. आतली हवा बाद झाल्याली असती. तोंड उघडं टाकायचं, वारं खेळू द्यायचं, मग उतरायचं. अशी घाई करून माणसं गेल्याली हायत.

विषय कुठल्या कुठं गेला, माफी.

मुक्काम नागपूर

धाकट्याला सांगा. आजच सांगा.

माझ्या वडिलांची बँकेची नोकरी, बदली झाली तेव्हा मी साधारण त्याच वयाचा. खणभागात राहायचो. मुलांना कशाला आधीपासून त्रास, म्हणून आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. मावशीकडे चाललोय म्हणून मिरजेला गाडीत बसवलं. पुढे कित्येक महिने मी आईला विचारायचो, मावशीकडून परत कधी जायचं. एखाद्या गोष्टीवर रडू येणं वेगळं आणि काय चाललंय तेच न कळणं वेगळं. रडू येऊन जातं.

वडिलांवर राग नाही. त्या काळी मुलांना सांगायची पद्धतच नव्हती. पण तुम्ही इथं विचारताय म्हणजे तुमच्या मनात आहे.

आणि "आपण लवकरच परत येऊ" हे मात्र सांगू नका. दिवाळीला येणार असाल तर दिवाळी म्हणा. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवाळी कळते, लवकर कळत नाही.

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे, प्राथमिकला. तुमच्या यादीत एक घोळ दिसतोय तो आधी सांगते. तुम्ही मे अखेरीस निघणार म्हणून सगळे रविवार मे महिन्यात टाकलेत. पण शाळा तोवर बंद झालेली असेल! नळाशेजारच्या फरशीवर मैत्रिणींसोबत डबा खायचा तर तो परीक्षा संपायच्या आतच. १ मे ला निकालाला मुलं येतात, पण त्या दिवशी कुणी डबा आणत नाही, प्रगतिपुस्तक घेऊन पाच मिनिटांत पांगतात. तर लेकीची यादी घ्या आणि शाळेचं काम पहिलं उरका. वर्गशिक्षिकांना आधी कल्पना द्या. त्या बहुतेक काहीतरी करतील. केलं नाही तरी डबा तर होईल.

एक विनंती. वर्गात केक वगैरे नेऊ नका. वाढदिवस आणि निरोप यांत मुलांचा गोंधळ होतो, आणि बाकीच्या आयांना पुढच्या वेळी आपणही काही आणायला हवं असं वाटत राहतं. भडंगाची एक पिशवी पुरे.

दाखल्याचं: शाळा सोडल्याचा दाखला निकाल लागल्यावर अर्ज देऊन घ्या. परराज्यातल्या काही शाळा त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, तर नव्या शाळेला आत्ताच फोन करून विचारून घ्या. नाहीतर कोईमतूरला पोचल्यावर एका सहीसाठी सांगलीला फेरी. दाखल्यावर जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का ते काउंटरवरच बघा. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतला मुलीचा कायम शिक्षण क्रमांक लिहून घ्या, नवीन शाळा त्यावरून तिची नोंद ओढून घेते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे, पण ते सरकारी आणि अनुदानित शाळांपुरतं. तुम्ही खासगीत घालणार असाल तर कागद हातात ठेवूनच निघा. धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड ट्रकच्या सामानात बांधू नका.

स्पष्टच बोलतो

लोक पोरंबाळं घेऊन कॅनडाला जातात आणि एवढा गाजावाजा करत नाहीत. कोईमतूर भारतातच आहे ना? रोज व्हिडिओ कॉल करता येतो. आमच्या वेळी बापानं सांगितलं उठा, की उठायचं. मांजराला निरोप, जेसीबीला निरोप, उद्या ट्रॅफिक सिग्नलला हार घाला.

काळीखण

सिग्नल बंद असतो हो साहेब, हार घालायला थांबणार कोण?

नोय्यलकाठ

हरिपूररोड, तुम्ही येताय ते ऐकून बरं वाटलं. मी कोईमतूरलाच असते. माहेर आणि सासर दोन्ही विट्याकडचं. सासरे गलाईच्या धंद्यासाठी इकडे आले. खानापूर, आटपाडीकडच्या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. दुष्काळी भाग, शेतीत काही नाही, म्हणून सोनं-चांदी गाळायचं काम शिकून लोक देशभर गेले. कोईमतूर म्हणजे दागिन्यांचं गाव, इथं तर आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुकानात तमिळ, घरात आपली माणदेशी. म्हणजे अगदी अनोळखी मुलखात येताय असं समजू नका.

आता मला जे वाटतं ते सांगते, राग मानू नका. आमच्याकडे निरोप घ्यायची पद्धतच नाही. गावात घर बांधून ठेवतात, कुलूप लावतात, किल्ली चुलत्याकडे. यात्रेला सगळे येतात, लग्नं गावात, मोठं कुणी गेलं तर दहावं-तेरावं गावात. माझ्या पोरांना कुणी विचारलं गाव कुठलं, तर विटा म्हणतात. जन्म कोईमतूरचा, शाळा कोईमतूरची, तरी विटा. त्यामुळे हा सगळा टाटा-बायबायचा प्रकार मला थोडा अपशकुनी वाटला. जाताना "येतो" म्हणून निघावं, बास.

राहण्याचं म्हणाल तर पाण्याची काळजी करू नका. सिरुवाणी धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात घर बघा, गोड असतं. थोरलीला तमिळ विषय असणार, पण त्या वयात पोरं खेळताना भाषा उचलतात, तुम्हीच मागे पडाल. बऱ्याच शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात, आपल्याकडच्यासारखं पंधरा जूनपर्यंत थांबू नका. सांगलीचा गणपती आठवला तर इथल्या पुलियाकुलमच्या गणपतीला न्या. एकाच दगडात कोरलेली एवढी मोठी मूर्ती की धाकटा मान वर करून पडेल. आणि काळीखण यांनी हळदीचं लिहिलंय, तर इथून शंभरेक किलोमीटरवर ईरोड आहे. तिथंही हळदीच्या राशी, तिथंही हळकुंड मोडून बघतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा यार्डाच्या दारातच थांबले, वास आला म्हणून.

मुक्काम नागपूर

नोय्यलकाठ, तुमचं पटलं, पण एक फरक आहे. तुमच्याकडे अख्खं गाव बाहेर गेलेलं. तुमच्या मुलांना परत येणारे पन्नास चुलत भाऊ दिसतात. यांचं एकच घर आहे गावभागात आणि त्यात एक आजी. "येतो" म्हणायला समोर कुणीतरी लागतं, आणि परत आल्यावरही.

नोय्यलकाठ

खरंय. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सतारगल्ली

मिरजकर या नात्यानं निषेध. यादीत मिरजेचा नुसता दर्गा? लेकीला विचारा, भोपळ्यातून आवाज कसा येतो ते बघायचंय का. तिनं बघितलं नसलं तरी चालेल, बघायला काही टाटा करायची अट नाही.

आमच्याकडे माळ्यावर भोपळे टांगलेले असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. खायचे नव्हेत, कडू. पूर्ण वाळले की टकटक करून बघायचं, मग कापायचा, आत साफ करायचा, तोंडाला लाकूड बसवायचं. तंबोऱ्याचा भोपळा एवढा मोठा की तुमचा धाकटा मिठी मारून बसेल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन आलं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. ऑर्डरी काही फार वाढल्या नाहीत, असो. पोरं आली की एक तार छेडायला देतो. दुकानदार बहुतेक कुणीच नाही म्हणत नाही.

हरिपूररोड

सगळ्यांचे आभार. पाटीपेन्सिल, तुमच्यामुळे वाचलो. शाळा आधीच सुटेल हे माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. डब्याचं झालं. थोरलीनं आईकडून गूळपोळ्या करून नेल्या, सगळ्यांनी तीन-तीन तुकडे केले. एका मैत्रिणीनं तिला विचारलं, "तिकडं तुला नवीन मैत्रीण मिळाली तर मला नाव सांगशील का?" ही म्हणाली, आधी मिळू दे.

धाकट्याला सांगितलं. नकाशा वगैरे काढून सांगायला बसलो होतो. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, "आजी कुठं झोपणार?" तिच्याच घरी, म्हटल्यावर गप्प बसला. मग म्हणाला, "मग मी पण तिथंच." यावर आमच्याकडे काही तयारी नव्हती.

मोठा प्रश्न तोच आहे. आई वरवर काही बोलत नाही. पण परवा तिनं पोरांची सगळी खेळणी धुऊन, वाळवून कपाटात लावून ठेवली, कुणी सांगितलं नसताना. मला तिच्याशी नीट बोलताच येत नाहीये.

वाळव्याची मावशी

मी आजीच्या बाजूनं लिहिते, कारण मी तीच आहे. माझा मुलगा सून-नातवंडांना घेऊन गुजरातेत गेला. मी गेले नाही. मलाही सगळे विचारायचे, एकटी काय करणार. एकटी असले तरी माझी माणसं इथंच आहेत, वाण्याच्या दुकानापासून देवळातल्या भजनापर्यंत. तुमच्या आईचंही तसंच असणार. तिला तुमच्याबरोबर यायचं नाही म्हणजे तुमच्यावर रुसलीय असं समजू नका.

निघताना दारात पोरांना रांगेत उभं करून पाया पडायला लावतात ना, ते करू नका. सगळे रडतात, रिक्षावाला खोळंबतो, पोरं घाबरतात. पाया आदल्या रात्री जेवणानंतर पडा, गाद्या घालायच्या आधी. सकाळी नुसता चहा आणि निघा.

दुसरं म्हणजे, आजीला काम लावा. नुसते फोन करून "कशी आहेस", "जेवलीस का" विचारलं की मला तरी चीड येते. जेवले म्हणून सांगायचं, आणि पुढे काय? माझा नातू मला गणिताचे पाढे म्हणून दाखवायचा, मी मुद्दाम मधेच चूक काढायची. तुमची लेक पुलावरच्या आकड्यांचं म्हणाली ना? आयर्विन पुलावर पाण्याची पातळी वाचायचं काम आजीला द्या. जुलै-ऑगस्टमध्ये गावभागातल्या बाईला ते असंही ठाऊक असतंच. इशारा चाळीस फुटांना, धोका पंचेचाळीसला. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीला काय चाललंय, सगळं दारात उभं राहून कळतं. रोज संध्याकाळी लेकीनं फोन करायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. वर्षभर वही चालेल. उन्हाळ्यात आकडा हलत नाही तेव्हा मांजरीचं विचारायचं.

काळीखण

मावशी, याच्यावर स्वतंत्र धागा काढा. मी गंभीरपणे म्हणतोय.

वडापवाला

म्हातारीला कुणी व्हॉट्सॲपवर आकडे फॉरवर्ड करू नका मातर. २०१९ ला सत्तावन फुटाच्या वर गेलं तवा खऱ्यापेक्षा खोटं जास्त फिरत हुतं. अमुक धरण फुटलं, तमुक पूल गेला. आमी घाटाकडं जाऊन सोता बघून यायचो, मगच घरात सांगायचो.

पाटीपेन्सिल

मावशींच्या सूचनेला शिक्षिकेचं अनुमोदन. चौथीत आलेखांची ओळख असते. बाईंना आलेखाला खरा विषय मिळाला की आनंद होतो. तमिळ बाईंनासुद्धा.

स्पष्टच बोलतो

मी वर जरा जास्तच तिरकस लिहिलं. पण मूळ मत कायम आहे. लहान मुलांना इतकं विचारत बसलं की त्यांना वाटतं काहीतरी भयंकर होतंय. काही गोष्टी आपण ठरवायच्या आणि त्यांना चालत्या गाडीत बसवायचं.

मुक्काम नागपूर

चालत्या गाडीत बसवलेलाच मी आहे, वर लिहिलंय. बाकी तुमचं म्हणणं सगळंच चूक नाही. धाकट्याला "जायचं का" असं कुणी विचारलेलं नाही, "जायचंय" असंच सांगितलंय. विचारायचं एवढंच, की जायच्या आधी तुला कुणाला भेटायचंय.

हरिपूररोड

ट्रक पुढच्या आठवड्यात येतोय. इतकं सगळ्यांनी लिहिलं तर काय झालं ते सांगायला हवं.

पुलावर संध्याकाळी गेलो. पाणी तळाला, वरचे आकडे सगळे कोरडे. धाकट्यानं विचारलं, पाणी एवढ्या वर कसं चढणार, शिडी तर नाही. थोरलीनं त्याला पंचेचाळीस कुठं आहे ते बोटानं दाखवलं आणि मग आणखी वर बोट नेलं, "आणि इथं आपलं पाणी आलं होतं." ती तेव्हा कडेवर होती, तिला काय आठवणार. पण आईकडून इतक्यांदा ऐकलंय की ती "आपलं पाणी" म्हणते. आईनं वहीचं मान्य केलंय. फक्त अट घातली की फोन सातच्या आत करायचा, नंतर तिची मालिका असते.

जेसीबी त्या जागेवर नव्हता. दोन दिवस शोधला, शेवटी कोल्हापूर रोडला सापडला. तोच का दुसरा ते मला माहीत नाही, पण धाकट्यानं ओळखला, त्यामुळे तोच. ड्रायव्हरनं वर बसवलं, खोऱ्याचा दांडा हातात दिला. उतरताना धाकटा त्याला म्हणाला, "मी कोईमतूरला चाललोय, तू इथलं खण." ड्रायव्हरनं हो म्हटलं.

वाचनालयाचं मात्र फसलं. थोरली दारापर्यंत आली आणि आत जायचं नाही म्हणाली. का, तर नाही. पुस्तकं मीच परत केली, अनामत रक्कम घेतली, काकूंनी तिला खिडकीतून हात केला. तिनंही केला. मी जबरदस्ती केली नाही. इथलं वाचून आलो नसतो तर केली असती.

ती रडली ती भलतीकडेच. निकालाच्या दिवशी रिक्षाकाकांनी सोडलं आणि सवयीनं म्हणाले, "चला, सोमवारी पावणेसातला." मग त्यांच्याच लक्षात आलं. ते हसले, ही मात्र जिन्यात बसून रडली. काकांनी रिक्षा बंद करून बाजूला लावली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. काही बोलले नाहीत. मागच्या सीटवरची बाकीची पोरं आरडाओरडा करत होती, उशीर होतोय म्हणून.

मिरजेला गेलो होतो. सतारगल्ली, दुकानात तुमची चौकशी करावी म्हटलं, पण नाव माहीत नाही, विचारू कुणाला? धाकट्यानं खरंच भोपळ्याला मिठी मारली. हळद राहिली. ईरोडला बघू. सागरेश्वरला मी एकटा जाऊन आलो, काळीखण यांचं ऐकून पहाटे. हरणं दिसली.

आता दोन कामाचे प्रश्न. एक, भडंग किती दिवस टिकतं? मामांनी पाच किलो बांधून ठेवतो म्हटलंय. दोन, आईनं घरातलं जातं बांधून ठेवलंय न्यायला. ट्रकवाला वजनाचं कारण काढून जादा पैसे मागतोय. तिकडे जात्यावर कोण काय दळणार आहे? पण आईला नको म्हणवत नाही.

नोय्यलकाठ

भडंग हवाबंद डब्यात महिनाभर कुठं जात नाही, पण पाच किलो महिनाभर उरणारही नाही. इथं मंडळी घरी आली की पहिल्यांदा डबा उघडतात. त्यापेक्षा भडंगाचे कोरडे चुरमुरे जास्त आणा. इथं चुरमुऱ्यांना 'पोरी' म्हणतात, ती मिळते पण बारीक, भडंगाला जमत नाही. चुरमुरे उन्हात किंवा मंद आचेवर तापवून घ्यायचे. तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढायचे, त्याच तेलात ठेचलेला लसूण सालासकट, कढीपत्ता. लसूण लालसर झाला की गॅस बंद करून मग तिखट, हळद, मीठ, पिठीसाखर. गॅस चालू ठेवून तिखट घातलं की करपतं आणि सगळ्या घराला ठसका. लसणातलं पाणी पूर्ण गेलं पाहिजे, नाहीतर चार दिवसांत चिवट.

वडापवाला

जातं न्ह्या. ट्रकवाल्याला म्हणावं खालच्या बाजूला टाक, गाडीला वजन बरंच असतंय. जादा पैसं मागाय लागला तर माझ्या वळकीचा एक हाय, मिरजेचा, तिकडंच माल घेऊन जातोय. मेसेज करा.

वाळव्याची मावशी

दळायचं कुणी सांगितलंय? हळद फोडायला लागतं, मेतकुटाची डाळ भरडायला लागतं. जात्याच्या दोन्ही पाळी, म्हणजे वरचा-खालचा दगड, वेगवेगळ्या पोत्यात बांधा, एकावर एक ठेवून नेलीत तर वाटेत टाके झिजतात. आणि खुंटा काढून बायकोच्या पर्समध्ये ठेवा. तो हमखास हरवतो.

हरिपूररोड

वडापवाला, मेसेज केलाय. मावशी, खुंटा आत्ताच सापडत नाहीये. धाकट्यानं कुठंतरी ठेवलाय.